चांगुणाबाईंची जीभ

पहिली गोळी हिरवी होती आणि तिच्या कागदावर जे छापलं होतं ते वाचू शकणारं जुईनगरात तरी कुणी नव्हतं. राजश्री मॅडमनी अकरा बायकांच्या तळहातावर एकेक गोळी ठेवली आणि सांगितलं, "चावायची नाही. जिभेवर ठेवायची, आणि मग इंग्लिशमध्ये एक शब्द बोलायचा."

दहा-बारा सेकंद सगळं ठीक होतं. मग वर्गात हलकल्लोळ झाला. अमिता नावाची तरुण बाई टेबल धरून उभी राहिली, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एकीने नाक दाबलं, एकीने गोळी रुमालात थुंकली. "ओ माय गॉड!" कुणीतरी ओरडलं. एकाच शब्दाची अट असताना हे तीन झाले, पण मॅडमनी चालवून घेतले. ती वासाबीची गोळी होती. जपानी लोक ते मुळासारखं काहीतरी तिखट किसून खातात, एवढं मॅडमनाही सोबत आलेल्या इंग्रजी तक्त्यावरूनच कळलं होतं.

शेवटच्या बाकावर चांगुणाबाई बसल्या होत्या. वय चोपन्न, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी गोळी तोंडात या गालातून त्या गालात फिरवली, गिळली, आणि समोर बघत राहिल्या. डोळ्याला पाणी नाही, भुवई हलली नाही. बाजूची बाई त्यांच्याकडे टकामका बघत होती.

"चांगुणाबाई, काही लागलं का?" मॅडमनी विचारलं.

"लागलं ना."

"मग शब्द?"

"मोहरी," चांगुणाबाई म्हणाल्या. "कच्ची वाटलेली. नाकात चढते नि लगेच उतरते. मिरची तशी उतरत नाय. पन त्याला इंग्रजी काय म्हनतात ते शिकाया तर मी आलीय."

मॅडम हसल्या, पण वहीत चांगुणाबाईंच्या नावापुढे 'प्रतिसाद' या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ मारली. कारण त्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

वर्ग कशाचा होता ते सांगायला हवं. महाप्याच्या एमआयडीसीत खाण्याच्या वस्तू तपासणारी एक लॅब आहे. बिस्किटं, सॉस, सरबतं बाजारात यायच्या आधी तिथे बायका बसवून चाखायला देतात. त्यांनी 'चांगलं आहे, वाईट आहे' म्हणायचं नसतं, तर काय लागलं ते नेमक्या इंग्रजी शब्दांत कागदावर लिहायचं असतं, कारण तो कागद पुढे परदेशी जातो. लॅबला चार बायका हव्या होत्या. त्यांना रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द शिकवून तयार करायचं काम राजश्री मॅडमच्या क्लासकडे आलं. लॅबने सोबत एक खोका भरून जपानी गोळ्या पाठवल्या. का, तर आपल्याकडच्या कुणी त्या कधी खाल्लेल्या नसतात. संत्र्याची गोळी दिली तर बाई जीभ न वापरताच 'ऑरेंज' म्हणून मोकळी होते. समुद्री शेवाळाच्या गोळीला तसं करता येत नाही.

पहिल्या दिवशी ओळख झाली तेव्हाच ठिणगी पडली होती. एकेकीने उभं राहून "आय अ‍ॅम अ हाऊसवाइफ" म्हटलं. चांगुणाबाई उठल्या. "आय अ‍ॅम फिश सेलर," त्या म्हणाल्या. "ड्राय फिश."

मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. राजश्री मॅडम वाईट बाई नव्हेत. त्यांना खरोखर चांगुणाबाईंचं भलं व्हावं असं वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसांशी भांडणं फार अवघड असतं. "तिथे गेल्यावर हाऊसवाइफच सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "लॅबवाल्यांना वाटेल, सुक्या मासळीने हिची जीभ मेलेली असणार. आणि वासाचं पण… तुम्ही समजून घ्या."

"समजलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन मी फिश सेलरच सांगनार."

आता त्या चेहऱ्याबद्दल.

चांगुणाबाई मूळच्या मोऱ्याच्या. उरणच्या धक्क्याला मुंबईची लाँच लागते, तिथल्या कोळीवाड्यातल्या. त्यांची आई सुकी मासळी घाऊक घ्यायला जायची ती एकटी नाही, दहाजणी मिळून. माल एकत्र घ्यायचा आणि मग वाटून जिची तिने टोपली भरायची. पण चव घ्यायची ती एकीनेच, म्हणजे आईने. दहाजणी ढिगात हात घालायला लागल्या तर व्यापारी उभं करणार नाही. ती एक बाई ढिगाच्या पोटातून एक बोंबील ओढायची, शेपटीकडचा तुकडा मोडून जिभेवर ठेवायची, चघळायची, थुंकायची आणि पाण्याने चूळ भरायची. मीठ बेताचं आहे की जास्त, ऊन पुरतं लागलंय की आत ओल राहिलीय, माल यंदाचा आहे की त्यात गेल्या सालचा उरलेला मिसळलाय, हे सगळं त्या एका तुकड्यात. आणि एवढं सगळं कळत असताना चेहऱ्यावर मात्र रेषा हलू द्यायची नाही. समोर व्यापारी तुमच्या तोंडाकडेच डोळे लावून बसलेला असतो. तोंड खुललं की त्याचा भाव चढला.

बारा वर्षांची चांगुणा पहिल्यांदा चाखायला पुढे झाली तेव्हा सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, इतके झकास होते की तिचे डोळे चमकले. त्या दिवशी भाव उतरलाच नाही. परत येताना आईने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर हिरवा डाग होता. "बाजारात तोंड उघडं ठेवतात काय गो?" आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "चेहरा बंद ठेव. पन आपल्या बायांनी विचारलं का खरं ते सांग. दहा टोपल्या तुझ्या जिभेवर हायत."

आईनंतर दहाजणींची जीभ चांगुणाबाई झाल्या. लग्न होऊन बेलापूरकडे आल्या, नवरा गेला, मुलगा शिकला, पण हे काम सुटलं नाही. अजूनही दर पंधरा दिवसांनी त्या मोऱ्याला जातात, आणि इतर दिवशी सकाळी जुईनगरच्या बाजारात टोपली घेऊन बसतात. चांगुणाबाईंनी हो म्हटलेला माल खराब निघाला असं तीस वर्षांत दोनदा झालं. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच्या टोपलीतला चांगला माल बाकीच्या बायकांना वाटून दिला आणि त्याबद्दल घरी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

घरी मुलगा प्रितेश आणि सून रुतिका. प्रितेश सीबीडी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. फ्लॅट सोसायटीत आहे, आणि सोसायटी म्हटलं की नाक आलंच. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी भेटतं, वर बघत श्वास रोखून धरतं, आणि प्रितेशला मेल्याहून मेल्यासारखं होतं. क्लासची जाहिरात रुतिकाने मोबाइलवर बघितली होती आणि सासूला दाखवली होती. प्रितेशला ती आवडली, पण वेगळ्याच कारणाने.

"हे जमलं ना आई, तर बरंच होईल," तो जेवताना म्हणाला. "एकदाची टोपली सुटेल."

"टोपली कशाला सुटेल?"

"लॅबमध्ये जाणार ना तू. व्हाइट कोट घालून."

"आठवड्यातनं दोन दिस जानार. दुपारचं. टोपली सकालची असते."

"अगं पण…"

"जेव तू," चांगुणाबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात मात्र नुसता धुमाकूळ चालला होता. रुतिकाने कागदाच्या पट्ट्या कापून डब्याडब्यावर शब्द चिकटवले होते. चिंचेवर 'सावर', मेथीवर 'बिटर', गुळावर 'स्वीट'. सुपारीच्या डबीवर 'अ‍ॅस्ट्रिंजंट', म्हणजे तुरट. तो शब्द चांगुणाबाईंनी चार वेळा म्हणून बघितला आणि सांगितलं, हा म्हणतानाच तोंड आवळतं, याची पट्टी नाही लावली तरी चालेल. क्लासमधून घरी सरावाला गोळ्या मिळत, त्या दोघी ओट्याशी उभ्या राहून खात. खारवलेल्या आलुबुखाराची गोळी तोंडात टाकली की रुतिकाचा चेहरा लिंबाच्या फोडीएवढा व्हायचा. सासू शांतपणे म्हणायची, "सॉल्टी. मंग सावर. मंग पुन्हा सॉल्टी. स्वीट सगल्यात शेवटी, तेबी बेतानं." मक्याच्या सुपाच्या चवीची गोळी होती, सोया सॉसची होती, काळ्या गुळाची होती. काळ्या गुळाच्या गोळीला वर्गातल्या सगळ्यांनी 'स्वीट' म्हटलं होतं. चांगुणाबाईंनी 'स्वीट अँड बर्न्ट' म्हटलं, कारण गूळ कढईला लागला होता हे त्यांच्या जिभेला कळलंच होतं.

एकदा रुतिकाने भाजीत घालायला डब्यातलं जुनं खोबरं काढलं. चांगुणाबाईंनी कणभर चाखलं आणि डबा बाजूला सरकवला.

"खवट झालंय. याला काय म्हनतात गो?"

मॅडमच्या यादीत तो शब्द नव्हता. रुतिकाने मोबाइलवर शोधला. "रॅन्सिड."

"रॅन्सिड," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांना तो भलताच आवडला. दोन दिवस त्या घरातल्या तेलापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात तो लावून बघत होत्या.

आठ आठवडे संपत आले तेव्हा मॅडमनी लॅबला पाठवायची नावं वाचून दाखवली. अकरापैकी आठ. त्यात चांगुणाबाई नव्हत्या.

वर्ग सुटल्यावर त्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझं नाव का नाय?"

मॅडमनी वही उघडून दाखवली. प्रत्येकीच्या नावापुढे बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. 'डोळे मिटले', 'लगेच तोंड वाकडं', 'खुलून हसल्या'. चांगुणाबाईंच्या नावापुढे ओळीने आडव्या रेघा. "तुम्ही शब्द छान पाठ केलेत," मॅडम म्हणाल्या. "पण चव जाणवते की नाही हेच कळत नाही हो. काहीही द्या, तुमचा चेहरा तसाच. मी म्हटलं होतं ना, वर्षानुवर्षं ते खारं, ते उग्र… जीभ बोथट होते माणसाची. तुमचा दोष नाही."

चांगुणाबाईंना राग आला. असा राग त्यांना कैक वर्षांत आला नव्हता. सोसायटीतल्या लोकांनी नाक मुरडलं तर त्या सोडून देत, नाक ज्याचं त्याचं. पण जिभेला मेलेली म्हटलं होतं. त्यांनी पदर खोचला.

"बसा ग सगल्या," दाराशी पोचलेल्या बायकांना त्या म्हणाल्या. "जाऊ नका कुनी. मॅडम, माझे डोले बांधा."

"अहो, असं काही नको…"

"बांधा. खोक्यातनं पायजे ती गोली काढा. चेहरा बघू नका, कागद बघा."

अमिताने ओढणी काढून त्यांचे डोळे बांधले. मॅडमचा नाइलाज झाला. त्यांच्याकडे लॅबने दिलेला तक्ता होता, कुठल्या गोळीत काय काय चवी आहेत त्याचा. पहिली गोळी. "बिटर. ग्रासचा वास. मिल्क." ती हिरव्या चहाची होती आणि तक्त्यात तेच होतं. दुसरी. "सॉल्टी, स्वीट, सी." समुद्री शेवाळ. तिसरी, चौथी. पाचवी गोळी सुकवलेल्या माकुळ मासळीच्या चवीची, म्हणजे चांगुणाबाईंच्या अगदी अंगणातली. ती तोंडात फिरली आणि त्या थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"सॉल्टी. स्मोकी," त्या म्हणाल्या. "अँड रॅन्सिड."

"काय?"

"रॅन्सिड. खवट. यातलं तेल गेलंय मॅडम. ही गोली जुनी हाय."

मॅडमनी तक्ता वरून खाली बघितला. "नाही, इथे फक्त सॉल्टी आणि स्मोकी आहे. आणि रॅन्सिड हा आपला शब्दच नाही. चुकलं हे तुमचं."

"नाय चुकलं."

"अहो, गेले दोन आठवडे सगळ्यांनी याच पाकिटातली खाल्लीय. सगळ्या नाइस म्हणाल्या."

"म्हनू देत. मी नाय म्हटलं. त्या दिवशी मना दुसरी दिली होती, शेवालाची. ही मी आज खाल्ली, नि ही खवट हाय. दहाजनी नाइस म्हनाल्या म्हनून गेलेला माल परत येत नाय."

अमिता उठली आणि तिने मॅडमच्या हातातून पाकीट घेतलं. अक्षरं जपानी होती, पण आकडे सगळ्या जगात सारखेच. तिने पाकीट उलटंपालटं केलं, खालच्या शिवणीजवळ तारीख सापडली. मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती.

दहा बायकांचे हात एकदमच पाण्याच्या बाटल्यांकडे गेले. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण चांगुणाबाईंचे डोळे बांधलेले होते, त्यामुळे त्यांचं ते सुख हुकलं. ओढणी सुटली तेव्हा मॅडम खडूने फळ्यावर 'रॅन्सिड' लिहीत होत्या आणि स्पेलिंग मोबाइलमध्ये बघत होत्या. मग त्यांनी वही ओढली आणि नववं नाव लिहिलं. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

लॅबमध्ये परीक्षा झाली ती लाकडी आडोशांच्या छोट्या खणांत. तिथल्या उदयसिंह नावाच्या अधिकाऱ्याने आधी नियम सांगितले: बोलायचं नाही, आवाज करायचा नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, कारण एकीचा चेहरा बघून दुसरीची चव बदलते. ऐकून आठ बायका हवालदिल झाल्या. चांगुणाबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर हे बारा वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं.

आठवड्याने फोन आला. चौघींत त्या होत्या.

सही करायला बोलावलं त्या दिवशी प्रितेशने अर्धी रजा टाकली आणि आईला स्कूटरवर महाप्याला नेलं. तो खुशीत होता. ऑफिसात पेढेसुद्धा वाटायचे ठरवून बसला होता. उदयसिंह साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मनापासून सांगितलं की परीक्षेत सगळ्यांत वरचे गुण बाईंचे आहेत. मग त्यांनी एक कागद पुढे केला.

"एक छोटी गोष्ट. तुम्ही मासळी विकता असं राजश्री मॅडमकडून कळलं. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं आहे की पॅनेलवर असेपर्यंत तो व्यवसाय बंद ठेवाल, असं लिहून द्यावं. जिभेची काळजी म्हणून."

"आई, सही कर," प्रितेश पटकन म्हणाला. "नाहीतरी आपण बंद करणारच होतो."

चांगुणाबाईंनी मुलाकडे बघितलं. मग कागदाकडे.

"आपन नाय," त्या म्हणाल्या. "तू करनार होतास." आणि साहेबांकडे वळल्या. "बाकी तिघींकडनं काय लिहून घेतलं?"

"त्यांचं तसं काही…"

"अमिता लोनची घालून विकते. मिरची, मोहरी, व्हिनेगर. तिचं बंद करनार?"

साहेब कागदावरची ओळ पुन्हा वाचायला लागले.

"परीक्षेच्या दिवशी सकाली मी पाच वाजता बोंबील चाखून आली होती साहेब. मोऱ्यावरनं. मंग पान्यानं चूल भरली, तुमचा एक तासाचा नियम पालला, नि तुमच्याकडं आली. गुन वरचे पडले ते त्याच जिभेला. आता जीभ तुमाला पायजे, नि ती जिनं कमावली ती बाई नको?" त्यांनी कागद बोटाने परत सरकवला आणि शिकलेलं सगळं इंग्रजी एका दमात बाहेर काढलं. "आय सेल फिश. आय टेस्ट. बोथ. नो साइन."

प्रितेशने डोळे मिटले. नोकरी हातातून गेली, असंच त्याला वाटलं. साहेब कागद घेऊन आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. चांगुणाबाईंना हे काम हवं होतं. मनापासून हवं होतं, इतकं हवं होतं हे त्यांना त्या खुर्चीत बसल्यावरच कळलं. तरीही उठून आत जावं आणि सही करते म्हणावं, असं एकदाही मनात आलं नाही.

साहेब बाहेर आले ते वेगळाच कागद घेऊन. अटीची ओळ त्यात नव्हती. "एक तास आधी काही खायचं नाही, एवढंच. सगळ्यांना आहे तसं," ते म्हणाले. "आणि ही तुमची माहिती भरून द्या. इंग्रजीत लागेल."

चांगुणाबाईंना इंग्रजी बोलता यायला लागलं होतं, लिहायला वेळ लागायचा. त्यांनी कागद मुलासमोर ठेवला. प्रितेशने पेन काढलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वय लिहिलं. व्यवसायाच्या रकान्याशी त्याचं पेन अडलं. इतकी वर्षं शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या अर्जात जिथे जिथे आईचा व्यवसाय विचारला होता तिथे त्याने एकच शब्द लिहिला होता: गृहिणी. आईला हे माहीत नसेल, अशी त्याची समजूत होती.

"लिही," चांगुणाबाई म्हणाल्या. "या खेपंला खरं लिही."

प्रितेशची मान वर झाली नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने मोठ्या अक्षरांत, गिरवून गिरवून 'फिश सेलर' लिहिलं आणि खाली मान घालूनच विचारलं, "आई, नुसतं फिश लिहू का ड्राय फिश?"

"ड्राय," चांगुणाबाई म्हणाल्या. "सगलं लिही."